बॅलास्टची गाळणी सारखी तुंबतेय? जाळी काढण्याआधी बॅकफ्लशचा दाब बघा

लक्षण ओळखीचं आहे. माल उतरायला लागतो, बॅलास्ट (जहाजाचा तोल सांभाळणारं समुद्राचं पाणी) घ्यायला पंप लावला जातो आणि थोड्याच वेळात गाळणीचा डीपी (जाळीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) चढू लागतो. बॅकफ्लशवर बॅकफ्लश (जाळीतून उलटं पाणी ओढून सफाई) होतात, टाकीकडे जाणारा प्रवाह निम्म्यावर येतो आणि शेवटी हाय डीपीचा अलार्म वाजून यंत्रणा ट्रिप होते. जाळी काढून धुतली की एखाद-दोन बंदरं बरी जातात. पुढच्या गढूळ बंदरात पुन्हा तेच. मग नवी जाळी मागवली जाते, तीही महिन्याभरात तशीच वागते, आणि दोष पाण्याच्या माथी मारून विषय संपतो.

पाणी गढूळ असतं हे खरं. यांगत्से, हुगळी, अ‍ॅमेझॉन, ला प्लाता यांच्या मुखाशी पाण्यात इतका गाळ असतो की कुठल्याही गाळणीचा कस लागतो. तरीही जी गाळणी वारंवार तुंबते, तिची जाळी बहुतेक वेळा धडधाकट असते. बिघाड असतो तो तिला साफ करणाऱ्या बॅकफ्लशमध्ये. म्हणून तपासणीचा क्रम तिथून सुरू करायला हवा.

खालचं सगळं आपोआप साफ होणाऱ्या जाळीच्या गाळणीबद्दल आहे: साधारण ४० ते ५० मायक्रॉनची स्टेनलेस जाळी, आतून बाहेर वाहणारं पाणी, आणि जाळीच्या आतल्या बाजूला फिरणारी सक्शन नॉझल. पुढची प्रक्रिया यूव्ही (अतिनील प्रकाश) असो की इलेक्ट्रोक्लोरिनेशन (विजेने समुद्राच्या पाण्यातून क्लोरीन बनवणं), गाळणीचं वागणं तेच. आकडे हिशोब समजण्यासाठी दिले आहेत. अलार्म आणि ट्रिपच्या मर्यादा आपापल्या मॅन्युअलमधल्याच धरा.

बायपास हा उपाय का नाही

गाळणी तुंबली की बायपास करायचा, म्हणजे तिला वगळून पाणी थेट पुढे सोडायचा मोह होतो. पण सोडलेल्या बॅलास्टसाठीचं आंतरराष्ट्रीय डी-२ मानक असं आहे: ५० मायक्रॉन आणि त्याहून मोठे जिवंत जीव एका घनमीटरमध्ये १० पेक्षा कमी, १० ते ५० मायक्रॉनमधले एका मिलिलिटरमध्ये १० पेक्षा कमी. पहिल्या गटाचा मुख्य भार गाळणीच उचलते. शिंपल्यांच्या अळ्या, कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव), खेकड्यांची सुरुवातीची रूपं याच आकारात येतात. ती गाळाच्या कणांसोबत पुढे गेली की यूव्हीचा प्रकाश कणांच्या आड अडतो आणि क्लोरीनचा मोठा वाटा सेंद्रिय गाळाशी लढण्यातच संपतो. शिवाय टाकीच्या तळाशी गाळ बसतो. त्यात काही सूक्ष्म शैवालांच्या सुप्त पेशी दीर्घकाळ जिवंत राहतात, आणि ती टाकी पुढच्या प्रत्येक फेरीत दूषित पाणी देत राहते.

ग्रेट लेक्समध्ये १९८८ साली सापडलेला झेब्रा शिंपला आणि १९८० च्या दशकात काळ्या समुद्रात पसरलेली कोम्ब जेली हे दोन्ही जीव तिथे बॅलास्टच्या पाण्यातूनच पोहोचले असं मानलं जातं. एकदा रुजले की त्यांना काढायची सोय कुणाकडेच नाही. बायपास व्हॉल्व्हच्या हँडलला हात लावण्याआधी हे आठवलं पाहिजे.

बॅकफ्लशचा हिशोब

इथे जरा थांबून समजून घेतलं तर निम्मे बिघाड जागेवर कळतात.

नॉझल जाळीच्या छोट्याशा भागासमोर येतं, बॅकफ्लश व्हॉल्व्ह उघडतो, आणि जाळीच्या बाहेरच्या, म्हणजे स्वच्छ बाजूचं पाणी उलटं आत येऊन तिथला गाळ नॉझलमध्ये ओढून नेतं. हे पाणी कशाच्या जोरावर उलटं येतं? स्वच्छ बाजूचा दाब वजा बॅकफ्लश लाइनमधला दाब, एवढ्याच्या. स्वच्छ बाजूचा दाब म्हणजे गाळणीत शिरतानाचा दाब वजा डीपी.

समजा शिरतानाचा दाब २.० बार आहे आणि डीपी ०.२ बार. स्वच्छ बाजूला १.८ बार उरले. बॅकफ्लशची ओव्हरबोर्ड (पाणी समुद्रात सोडणारी) लाइन गाळणीपासून ८ मीटर वर चढत असेल तर तिथे साधारण ०.८ बार जातात (समुद्राच्या पाण्याचे १० मीटर म्हणजे जवळपास १ बार). पाइप, बेंड आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मिळून आणखी ०.३ बार खातात. सफाईसाठी हातात उरले ०.७ बार. जाळी साफ व्हायला हे बऱ्यापैकी आहे.

आता गाळ वाढून डीपी ०.८ बार झाला. २.० मधून ०.८ गेले, उरले १.२. त्यातून लाइनचे १.१ वजा केले की सफाईला राहतो फक्त ०.१ बार. म्हणजे गाळणीला सफाईची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाच तिच्यातला सफाईचा जोर संपलेला असतो. एकदा ही पायरी ओलांडली की कितीही वेळा बॅकफ्लश दाबा, डीपी खाली येत नाही. बॅकफ्लश पंप असलेल्या गाळण्यांत पंप हा खड्डा बराच भरून काढतो, पण पंपाच्या सक्शनला हवा धरली असेल किंवा इंपेलर झिजला असेल तर हिशोब पुन्हा तिथेच येतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली: ट्रिगर लवकर हवा. डीपी ०.४-०.५ बारला बॅकफ्लश सुरू होण्याची मांडणी असताना अलार्म नको म्हणून कुणी तो आकडा वर सरकवला असेल, तर तुंबण्याचं कारण तिथेच सापडलं. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची: प्रवाह कमी करायचा तर गाळणीच्या पुढचा, म्हणजे आउटलेटचा व्हॉल्व्ह आवळा, मागचा, पंपाकडचा कधीच नाही. पंपाच्या डिस्चार्जला आवळलं की गाळणीत शिरणारा दाबच पडतो. गाळणीच्या आउटलेटला आवळलं की गाळणीच्या आत दाब वाढतो, प्रवाह कमी झाल्याने डीपीही उतरतो, आणि दोन्हींचा फायदा बॅकफ्लशला मिळतो. वरच्याच उदाहरणात आउटलेट आवळून शिरतानाचा दाब २.६ बार झाला आणि डीपी ०.४ वर आला, तर सफाईला १.१ बार मिळतात. आधीच्या अकरापट.

सुरुवातीलाच का तुंबते

डबल बॉटम (जहाजाच्या तळातल्या) टाक्या रिकाम्या असताना पंपासमोर अडथळाच नसतो. प्रवाह सर्वांत जास्त, स्वच्छ बाजूचा दाब सर्वांत कमी. नेमकं तेव्हाच सी चेस्टमध्ये (समुद्राचं पाणी जहाजात घेण्याच्या पेटीत) साचलेला गाळही पहिल्या झटक्यात येतो. हे टाळण्यासाठी आउटलेटला दाब टिकवणारा कंट्रोल व्हॉल्व्ह दिलेला असतो. तो मॅन्युअलवर पूर्ण उघडा राहिलेला, पोझिशनर (व्हॉल्व्ह किती उघडायचा ते सांभाळणारं उपकरण) भरकटलेला, किंवा त्याचं हवेचं कनेक्शन गळकं, असं फार वेळा सापडतं.

निदानाची सोपी खूण: डबल बॉटम भरताना गाळणी तुंबते आणि त्याच बंदरात, त्याच पाण्यात टॉपसाइड टाक्या भरताना नीट चालते, तर जाळीला हात लावू नका. वरच्या टाक्या स्वतःच बॅक प्रेशर देतात म्हणून तिथे गाळणी बरी वागते. दोष कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये आहे.

तपासणी, या क्रमाने

आधी डीपी खरा आहे का ते बघा. ट्रान्समीटरच्या बारीक पाइपात चिखल बसला की तो खोटा डीपी दाखवतो आणि कित्येकदा अख्खी जाळी विनाकारण बाहेर काढली जाते. पंप बंद ठेवून ट्रान्समीटरच्या दोन्ही बाजू आयसोलेट करा, इक्वलायझिंग व्हॉल्व्ह उघडा. रीडिंग शून्यावर यायला हवं. मग दोन्ही इंपल्स लाइन, म्हणजे हेच बारीक पाइप, एकेक करून फुंका. पंप चालू असताना इनलेट आणि आउटलेटच्या गेजमधला फरक ट्रान्समीटरशी ताडून बघा. गेज दोन असल्यामुळे थोडा फरक राहील, पण एक ०.२ म्हणतोय आणि दुसरा ०.७, असं नको.

मग बॅकफ्लश लाइन. ओव्हरबोर्ड व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय का, हे इंडिकेटरवर विश्वास न ठेवता स्पिंडलवर बघा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा फ्लॅप शिंपल्यांनी अर्धवट धरून ठेवलेला सापडतो. बॅकफ्लश सुरू असताना त्याच्या अलीकडच्या गेजवर दाब अपेक्षेपेक्षा जास्त दिसला तर तो उघडा. लाइन पाण्याखाली निघत असेल तर जहाजाचा ड्राफ्ट (ते पाण्यात किती खोल बसलंय ते) बदलतो तसा बॅक प्रेशरही बदलतो. माल भरलेलं जहाज खोल बसलेलं असताना, म्हणजे उतराई सुरू होतानाच, हा विरोध सर्वांत जास्त असतो.

बॅकफ्लशचं पाणी कसं येतंय तेही बघण्यासारखं आहे. सॅम्पल कॉकमधून बादलीत घ्या. बॅकफ्लश सुरू होताच काही सेकंद दाट, गढूळ पाणी यायला हवं आणि मग ते निवळायला हवं. सुरुवातीपासूनच स्वच्छ पाणी येत असेल तर नॉझल जाळीवरून गाळ ओढत नाहीये, आजूबाजूचं पाणी पितंय. शेवटपर्यंत दाटच येत असेल तर बॅकफ्लशची वेळ अपुरी आहे किंवा स्कॅनर (नॉझल जाळीवरून फिरवणारा भाग) एक पूर्ण फेरी मारायच्या आधी चक्र संपतंय.

स्कॅनरची हालचाल शेवटी. गिअर मोटर फिरते म्हणजे शाफ्ट फिरतो असं समजू नका. शिअर पिन (जास्त जोर आला की मुद्दाम तुटणारी पिन) तुटलेली असली तरी मोटर मजेत फिरते आणि पॅनेलवर सगळं हिरवं दिसतं. शाफ्टच्या टोकाला खूण करून एक चक्र चालवा. सरकणारा स्कॅनर असेल तर दोन्ही टोकांच्या लिमिट स्विचपर्यंत तो पोहोचतोय का ते बघा. स्क्रूच्या आट्यांवर मीठ आणि सुकलेलं ग्रीस बसलं की तो अर्ध्यातूनच परततो आणि जाळीचा एक भाग कधीच साफ होत नाही. लॉगमध्ये याची खूण मिळते: बॅकफ्लशनंतरचा डीपी दर वेळी आदल्यापेक्षा थोडा वर थांबतो.

बंदरात गाळणी झुंजत असताना

१. उथळ, गाळाच्या बंदरात हाय सी चेस्ट घ्या. जेलीफिश किंवा तरंगतं शैवाल असेल तर उलट, लो सी चेस्ट.

२. यूव्ही दिवे तापेपर्यंतचं पाणी टाकीत न जाता ओव्हरबोर्ड जातं. त्याच वेळात एक पूर्ण बॅकफ्लश हाताने करून घ्या, म्हणजे सी चेस्टमधला पहिला गाळ निघून जाईल.

३. एकाच पंपावर, कमी प्रवाहाने सुरू करा. निर्धारित प्रवाहाच्या ५० ते ६० टक्क्यांपासून वर जाणं हे पूर्ण प्रवाहावर सुरू करून ट्रिप झाल्यावर खाली येण्यापेक्षा केव्हाही बरं. प्रवाह कमी केल्याने दर मिनिटाला जाळीवर येणारा गाळही तेवढ्याच प्रमाणात घटतो.

४. दोन बॅकफ्लशमधलं अंतर मोजत राहा. डीपीच्या आकड्यापेक्षा हे अंतर आधी बोलतं. दहा मिनिटांवरून पाचवर, मग दोनवर आलं की प्रवाह लगेच कमी करा. एक चक्र संपण्याआधी दुसरं सुरू व्हायला लागलं, तर वर सांगितलेली पायरी जवळ आली आहे.

५. अगदीच अडलं तर पंप थांबवा, आउटलेट बंद करा, मग पंप परत लावून टाकीकडे प्रवाह न सोडता दोन-तीन बॅकफ्लश करा. टाकीकडे वाहणं बंद असल्याने डीपी जवळपास शून्यावर येतो आणि इनलेटचा सगळा दाब सफाईला मिळतो. यासाठी पंप किती वेळ किमान प्रवाहावर चालू शकतो ते मॅन्युअलमधून पाहून ठेवा.

वेळ निवडता आली तर भरती-ओहोटी पालटतानाचा संथ तास पकडा. जोरदार ओहोटीत नदीचा गाळ थेट सी चेस्टवर येतो. टग शेजारी ढकलत असताना किंवा बाजूच्या धक्क्यावर जहाज लागत असताना तळ ढवळला जातो, तेव्हा अर्धा तास थांबलेलं परवडतं. चीफ ऑफिसरने उतराईचा वेग ठरवतानाच बॅलास्टचा वेग कमी धरला पाहिजे. कागदावर ८०० घनमीटर तासाला आणि प्रत्यक्षात ४५० मिळाले, की मध्यरात्री बायपासचा दबाव इंजिन रूमवर येतो.

गाळणी उघडल्यावर

बंद गाळणीत समुद्राचं पाणी बरेच दिवस राहिलं असेल तर आत हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. वरचा व्हेंट आणि खालचा ड्रेन उघडून दाब शून्य झाल्याची खात्री करा, मोटरचं आयसोलेशन आणि टॅग लावा, हवा खेळती ठेवा, गॅस मीटरने तपासा, मगच बोल्ट सैल करा.

जाळी लगेच धुवायला नेऊ नका. टॉर्च लावून आतल्या बाजूकडे नीट बघा, तिच्यावर सगळा इतिहास लिहिलेला असतो. नॉझल जिथून फिरतं तिथे चकचकीत पट्टा दिसतो. दोन चकचकीत पट्ट्यांच्या मध्ये चिखलाचा सलग पट्टा असेल तर तेवढ्या जागेचं नॉझल तुंबलंय किंवा त्याची स्प्रिंग अडकलीय. एका टोकाला चिखलाचं कडं असेल तर स्कॅनर तिथवर पोहोचत नाही. सगळीकडे सारखाच पातळ थर असेल तर नॉझल ठीक आहेत, दाब कमी पडतोय. जाळीवर गोल ओरखडे दिसले तर नॉझल घासतंय. त्या रेषेवर आज ना उद्या जाळी फाटणार. नॉझलच्या तोंडाची झीज आणि जाळीपासूनचं अंतर फीलर गेजने मोजा, मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडा.

धुताना पाण्याचा फवारा बाहेरून आत मारा, म्हणजे गाळ जसा आला तसा परत जाईल. पंख्यासारखा पसरणारा नॉझल, हातभर अंतर. सुईसारखी धार जाळीचे धागे सरकवते आणि ५० मायक्रॉनचं छिद्र शंभराचं होतं. चुन्याचे थर असतील तर ५ ते १० टक्के सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट द्रावणात काही तास बुडवून ठेवा आणि नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवा. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड स्टेनलेसच्या आसपासही नको, त्यातले क्लोराइड धातूला खड्डे पाडतात. तारेचा ब्रशही नको. बसवताना प्रत्येक ओ-रिंग नवी घाला.

डीपी कमी दिसतोय म्हणून खूश होऊ नका

गढूळ बंदरात, पूर्ण प्रवाहावर डीपी ०.१ वर स्थिर आणि तासभर बॅकफ्लशच नाही? हा तुंबण्यापेक्षा मोठा बिघाड आहे. तुंबलेली गाळणी निदान ओरडते. फाटलेली गप्प राहते आणि कागदावर सगळं पाणी प्रक्रिया झालेलं दिसतं. शक्यता तीन: जाळी फाटलीय, तळाची ओ-रिंग निसटलीय, किंवा बायपास व्हॉल्व्हची सीट गळतेय.

तपासण्यासाठी ५० मायक्रॉनच्या प्लँक्टन जाळीतून गाळणीच्या आधीचं आणि नंतरचं सारख्याच मापाचं पाणी सोडा. नंतरच्या जाळीत डोळ्यांना दिसणारे कण किंवा वळवळणारे जीव आले तर पाणी कुठूनतरी गाळणीला चुकवून जातंय. बायपाससाठी वेगळी चाचणी: पंप बंद, बायपास बंद, गाळणीचा आउटलेट बंद, समुद्राकडचा व्हॉल्व्ह उघडा. बायपासच्या पुढच्या बाजूचा भाग टाकीकडूनही बंद करून त्याचा ड्रेन उघडा. साचलेलं पाणी निघून गेल्यावरही धार चालूच राहिली तर बायपासची सीट आणि गाळणीचा आउटलेट यांपैकी एक गळतोय. बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या रबर लायनिंगमध्ये वाळूने पडलेली चीर हे याचं नेहमीचं कारण.

गाळणीत उरलेलं पाणी

बॅलास्ट सोडताना गाळणी वापरात नसते, पण आधीच्या बंदराचं पाणी आणि गाळ तिच्यात तसाच असतो, जिवंत जिवांसकट. म्हणून बॅलास्ट घेऊन झालं की त्याच बंदरात, त्याच पाण्यात शेवटचा पूर्ण बॅकफ्लश करा, मग गाळणी गोड्या पाण्याने फ्लश करा. पुढच्या बंदरात दुरुस्तीसाठी गाळणी उघडावी लागली तर ड्रेनचं पाणी ओव्हरबोर्ड जाता कामा नये. ते साठवणीच्या टाकीत घ्या. धुतलेला चिखलही गोळा करून किनाऱ्यावरच्या व्यवस्थेकडे द्या. गोड्या पाण्याच्या फ्लशने आतल्या बार्नॅकलची वाढही थांबते, त्यामुळे पुढच्या वेळी नॉझल अडकत नाहीत.

सगळं करूनही पाणी जात नसेल तर

आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) मार्च २०२४ मध्ये ठराव एमईपीसी.३८७(८१) मंजूर केला. अवघड दर्जाच्या पाण्यात काय करायचं याचं हे अंतरिम मार्गदर्शन आहे. त्यात बायपास शेवटचा पर्याय आहे आणि त्याआधी प्रवाह कमी करणं, बॅकफ्लश, मॅन्युअलमधले उपाय हे सगळं करून पाहिलेलं असावं लागतं. म्हणून वरचा प्रत्येक टप्पा वेळेसह लिहून ठेवा: किती वाजता डीपी किती, इनलेटचा दाब, प्रवाह, बॅकफ्लशमधलं अंतर, काय बदललं, काय झालं. बायपास केलाच तर कुठल्या टाकीत किती पाणी गेलं याची बॅलास्ट रेकॉर्ड बुकमध्ये नोंद हवी, आणि कंपनी, ध्वजराष्ट्र व पुढचं बंदर यांना कळवलेलं हवं.

ती टाकी तेव्हापासून दूषित धरायची. पुढे सोडण्याआधी खोल समुद्रात, शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैल आणि २०० मीटर खोलीच्या पलीकडे, टाकी रिकामी करून, तळ खंगाळून, यंत्रणेतून प्रक्रिया केलेलं पाणी भरायचं. रिकामी करणं स्थिरतेला धोक्याचं असेल तर टाकीच्या तिप्पट पाणी आरपार वाहवायचं. हे काम हवामान आणि लोड प्लॅन बघूनच होतं, त्यामुळे बायपास केलेलं पाणी एक-दोनच टाक्यांत ठेवा. सगळ्या टाक्यांत थोडं थोडं गेलं तर प्रत्येकीसाठी हा खटाटोप करावा लागेल.

राखीव सामानात निदान एवढं ठेवा: जाळीचा एक पूर्ण संच, नॉझलच्या तोंडांचा आणि स्प्रिंगांचा संच, शिअर पिना, सगळ्या मापांच्या ओ-रिंग, एक लिमिट स्विच, एक डीपी ट्रान्समीटर आणि बॅकफ्लश व्हॉल्व्हचं सील किट. यातली शिअर पिन सर्वांत स्वस्त. ऐन वेळी नसली तर जागेवर बोल्ट कापून बसवू नका. तो तुटत नाही, आणि नॉझल अडकल्यावर मोटर सगळा जोर जाळीवर काढते.